अमेरिकेतली मोठी प्रोटेस्टंट चर्च कशी ओसरली

१२ ऑक्टोबर १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीजवळ एका एकोणीस मजली इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. त्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले होते. देशातल्या मोठ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची कार्यालयं एका छताखाली यावीत म्हणून ही इमारत उभी राहत होती. आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १९५३ मध्ये, प्रेस्बिटेरियन मंडळीत बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हाच्या गॅलप पाहणीत जवळपास निम्मे अमेरिकन 'या आठवड्यात मी चर्चला गेलो होतो' असं सांगत. अशा काळात एकोणीस मजले कुणाला जास्त वाटले नाहीत.

पुढच्या काही दशकांत ही कार्यालयं तिथून हलू लागली. प्रेस्बिटेरियन लुइव्हिलला गेले, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट क्लीव्हलँडला. २०१३ मध्ये चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेनंही ती इमारत सोडली. एवढ्या प्रतिष्ठेच्या, पैसेवाल्या, सुशिक्षित मंडळ्या अशा का आटत गेल्या, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे. हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मूळ याच घराण्यात आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी थोडी ओळख. सोळाव्या शतकात पोपची सत्ता नाकारून ज्या ख्रिस्ती परंपरा वेगळ्या झाल्या, त्या प्रोटेस्टंट. त्यांचा एकच एक प्रमुख नसल्यामुळे देशागणिक आणि मतभेदागणिक पंथ वाढत गेले. अमेरिकेत त्यातल्या सात मंडळ्यांना मिळून 'मेनलाइन' म्हणतात: मेथडिस्ट, लुथेरन, प्रेस्बिटेरियन, एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन), युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट, अमेरिकन बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. बायबलकडे अभ्यासू नजरेनं पाहणाऱ्या, विज्ञानाशी भांडण नसलेल्या आणि सामाजिक प्रश्नांत पुढाकार घेणाऱ्या अशी त्यांची ओळख. यांच्याशिवाय दुसरा मोठा गट आहे तो इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांचा. बायबलचा शब्दन् शब्द प्रमाण, प्रत्येकाचं वैयक्तिक हृदयपरिवर्तन आणि सुवार्ताप्रसार यांवर त्यांचा भर असतो. सदर्न बॅप्टिस्ट हा त्यातला सर्वांत मोठा संघ. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, पण पुढचं समजायला पुरेशी आहे.

आता आकडे. १९६५ मध्ये प्रेस्बिटेरियनांच्या दोन मुख्य मंडळ्यांत मिळून सुमारे ४२ लाख सभासद होते. त्या १९८३ मध्ये एक झाल्या आणि आज त्या एकत्रित मंडळीत ११ लाखांच्या आत लोक आहेत. एपिस्कोपल मंडळी ३४ लाखांच्या आसपास होती, ती १५ लाखांवर आली. त्यातही रविवारच्या उपासनेला सरासरी हजर राहतात ते जेमतेम ४ लाख. मेथडिस्टांची आजची मंडळी १९६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा अमेरिकेत तिचे सुमारे १ कोटी १० लाख सभासद होते, आज निम्मेही नाहीत. १९८८ मध्ये तीन मंडळ्या जोडून झालेली मोठी लुथेरन मंडळी ५२ लाखांवरून ३० लाखांच्या खाली उतरली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट २० लाखांच्या वर होती, ती ७ लाखांच्या घरात आहे. या काळात अमेरिकेची लोकसंख्या १९ कोटींवरून ३३ कोटींच्या पुढे गेली आहे. प्यू संस्थेच्या मोठ्या पाहण्यांत २००७ साली १८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला मेनलाइन प्रोटेस्टंट म्हणवत होते, २०२३-२४ मध्ये ११ टक्के.

एवढे आकडे पाहिले की लोक पहिल्यांदा विचारतात, माणसं का सोडून गेली? प्रश्न साहजिक आहे, पण अर्धाच आहे. हौदाचं पाणी कमी झालं तर तळाला कुठे गळतंय ते बघावंच लागतं, पण वरच्या नळाला धार आहे का, हेही बघावं लागतं. दरवर्षी प्रत्येक मंडळीतली म्हातारी माणसं देवाघरी जातात. तेवढीच नवी आत आली नाहीत तर एकही माणूस रागावून बाहेर न पडता मंडळी आटत जाते. मेनलाइनच्या बाबतीत बरंचसं हेच घडलं.

२००१ मध्ये मायकेल हाउट, अँड्र्यू ग्रीली आणि मेलिसा वाइल्ड या समाजशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. (ग्रीली स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते.) १९०३ ते १९७३ या काळात जन्मलेल्या पिढ्यांची माहिती त्यांनी तपासली. प्रोटेस्टंटांमधलं पारडं मेनलाइनकडून पुराणमतवादी मंडळ्यांकडे झुकलं, त्यातला ७६ टक्के भाग त्यांच्या मते एकाच गोष्टीनं उलगडतो: पुराणमतवादी मंडळ्यांतल्या बायकांना मुलं जास्त झाली आणि कमी वयात झाली. मेनलाइन कुटुंबं शहरी आणि शिकलेली होती. लग्नं उशिरा, मुलं एक किंवा दोन. धर्मशास्त्राचा इथे काही संबंध येत नाही.

उरलेला भागही मला फार बोलका वाटतो. पूर्वी एखादं गरीब बॅप्टिस्ट कुटुंब दोन पैसे बाळगून वरच्या वर्गात आलं, मुलगा डॉक्टर-वकील झाला, की ते हळूच प्रेस्बिटेरियन नाहीतर एपिस्कोपल चर्चमध्ये जाऊ लागायचं. समाजात वर चढण्याचा तो एक भाग होता. मेनलाइनमध्ये बाहेरून येणारी माणसं मोठ्या प्रमाणावर अशी येत. १९६०-७० नंतर बॅप्टिस्टांकडेही मोठी चर्च, स्वतःची महाविद्यालयं आणि प्रतिष्ठा आली. वर चढलेल्या माणसाला मंडळी बदलायची गरज राहिली नाही आणि हा ओघ आटला. उलट दिशेचं स्थलांतर, म्हणजे मेनलाइन सोडून पुराणमतवादी मंडळीत जाणं, या पिढ्यांत फारसं वाढलेलंच नव्हतं. 'मेनलाइनवाले उदारमतवादी झाले म्हणून त्यांचे लोक कडव्या चर्चांकडे पळाले' हे वाक्य आजही छातीठोकपणे ऐकवलं जातं. या अभ्यासापुढे ते टिकत नाही.

तरी जन्मदरावर सगळं ढकलता येत नाही. २००६ मध्ये एपिस्कोपल मंडळीच्या तत्कालीन प्रमुख बिशप कॅथरीन जेफर्ट्स शोरी एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की आमचे लोक जास्त शिकलेले असतात, त्यांना मुलं कमी होतात आणि पृथ्वीवर भार वाढू नये याचाही आम्ही विचार करतो. विधान खरं होतं, पण निर्धास्तपणे केलेलं होतं. मुलं कमी असतील तर जी आहेत ती टिकवण्याची कळकळ दुप्पट हवी. मेनलाइन इथेच सर्वांत कमी पडली.

डीन होग, बेंटन जॉन्सन आणि डोनाल्ड लुइडन्स यांनी प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये किशोरवयात दृढीकरण (मंडळीसमोर स्वतःचा विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालेल्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीतल्या माणसांना चाळिशीच्या आसपास पुन्हा गाठलं. त्यांचं काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. बरेच जण चर्चपासून दूर गेलेले होते, पण चर्चवर चिडलेले फारसे कुणी भेटले नाहीत. किशोरवयात किंवा कॉलेजात जाणं सुटलं आणि पुन्हा सुरू झालं नाही, एवढंच. देव आहे, चांगलं वागावं, सगळे धर्म आपापल्या जागी चांगलेच, ही त्यांची श्रद्धा. ती वाईट नाही, पण तिच्यासाठी रविवारी सकाळी उठून चर्चला जायची गरज पडत नाही. कोण चर्चमध्ये टिकलं हे ओळखण्याची सर्वांत चांगली खूण संशोधकांना सापडली ती श्रद्धेच्या मजकुरातच: तारणासाठी ख्रिस्तच हवा असं मानणारे टिकले होते.

दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलानं जाणत्या वयात 'हा विश्वास माझा आहे' असं मंडळीसमोर सांगणं. असंख्य चर्चांत त्याचा निरोप समारंभ झाला. वर्षभर शिकवणी, मग पांढरे कपडे, फोटो, भेटवस्तू, आणि पुढच्या रविवारी जागा रिकामी. पालक म्हणत, आम्ही आमचं काम केलं, आता त्याचं तो ठरवेल. मुलाला स्वातंत्र्य द्यावं हे मलाही पटतं. पण मूल ठरवतं ते घरात काय पाहिलं त्यावरून. ब्रिटनमधल्या माहितीवर डेव्हिड व्होआस यांनी केलेलं काम इथे फार महत्त्वाचं आहे. दोन्ही पालक धर्माचरण करणारे असतील तर मुलांत ते टिकण्याची शक्यता साधारण निम्मी, एकच पालक तसा असेल तर पाव, कुणीच नसेल तर जवळपास शून्य. म्हणजे सगळं सुरळीत चाललेल्या घरातूनही निम्मंच पुढे जातं. माणसं सहसा वयाच्या चाळिशीत अचानक श्रद्धा सोडत नाहीत. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा थोडी कमी श्रद्धाळू म्हणून सुरुवात करते आणि आयुष्यभर साधारण तिथेच राहते. त्यामुळे घसरण तीस-चाळीस वर्षं दिसतच नाही. ज्येष्ठ मंडळी येत राहतात, दान देत राहतात, हिशेब जुळत राहतो. जुन्या मृत्युपत्रांतून आलेल्या ठेवींचं व्याज मिळत असेल तर आणखी काही वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

स्कॉटलंड पाहा. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५०च्या दशकात १३ लाखांच्या वर होती, आज ती ३ लाखांच्याही खाली आहे. संडे स्कूल ओस पडली ती आधी, चर्चच्या इमारती विकायला निघाल्या त्या पुष्कळ नंतर.

कडक चर्च टिकतात का?

या विषयातला सर्वांत गाजलेला सिद्धान्त १९७२ चा आहे. डीन केली हे मेथडिस्ट पाळक, न्यूयॉर्कमधल्या त्याच राष्ट्रीय परिषदेत नोकरीला होते. मेनलाइनचा माणूस असून त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की पुराणमतवादी मंडळ्या वाढतायत आणि आपण आटतोय. त्यांचं म्हणणं लोक अजून चुकीचं सांगतात. मुद्दा पुराणमतवादाचा नव्हता, गांभीर्याचा होता. आयुष्याचा अर्थ सांगणं हे धर्माचं काम. ज्या अर्थासाठी काही सोसावं लागत नाही तो माणसाला खरा वाटत नाही, असं केली यांचं म्हणणं. १९९४ मध्ये लॉरेन्स इयानाकोनी या अर्थशास्त्रज्ञानं त्याला वेगळी जोड दिली. सभासदाकडून काहीच मागितलं नाही तर नुसते लाभ घेणारे वाढतात: लग्नाला चर्च हवं, नाताळला गाणी हवीत, पण दान आणि श्रम दुसऱ्यांचे. वेळ, पैसा, राहणी यांबाबत मंडळी काही मागू लागली की असे लोक गळतात. जे उरतात ते मनापासून येतात, त्यामुळे उपासनेत जीव येतो आणि नव्या माणसाला तिथे बसावंसं वाटतं.

यात तथ्य आहे. पण गेल्या वीस वर्षांत त्याची कठोर परीक्षा झाली. सदर्न बॅप्टिस्टांनी १९७९ पासून आपल्या संस्थांतून उदारमतवादी बाजूला सारले. तोच त्यांच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला जाई. २००६ मध्ये ते १ कोटी ६३ लाखांवर पोचले आणि तिथून उतरणीला लागले. आज १ कोटी ३० लाखांच्या खाली आहेत. मिसुरी सिनड हे कडवे लुथेरन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २८ लाख होते, आता १८ लाखांच्या आत. सिद्धान्तात तसूभर तडजोड केली नाही, तरी दर तिसरा माणूस कमी झाला. या घरांतही मुलं कमी झाली, मुलं कॉलेजात गेली आणि परत आली नाहीत. मेनलाइनवर आलेली वेळ इथे तीस-चाळीस वर्षं उशिरा आली. सदर्न बॅप्टिस्टांच्या बाबतीत लैंगिक अत्याचारांची प्रकरणं दडपल्याचं २०२२ च्या चौकशी अहवालात उघड झालं, त्यानं विश्वासाला आणखी तडा गेला.

समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा द्यावी का, त्यांची लग्नं लावावीत का, या वादाला सगळा दोष देणारेही आहेत. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरला उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांची बिशप म्हणून निवड झाली. त्यानंतर एपिस्कोपल मंडळी फुटली आणि इमारती कुणाच्या यावरून वर्षानुवर्षं खटले चालले. मेथडिस्टांतून २०१९ ते २०२३ दरम्यान सुमारे ७,६०० स्थानिक चर्च बाहेर पडली, म्हणजे अमेरिकेतली चौथाई. घाव मोठा होता. पण उतरण १९६५ च्या सुमाराला सुरू झाली होती आणि हे वाद पेटले त्याआधीच अर्धं अंतर कापून झालं होतं. विलीनीकरणाचंही तसंच. १९५७, १९६८, १९८३, १९८८, प्रत्येक वेळी दोन-तीन मंडळ्या एक झाल्या, समित्या आणि मुख्यालयं एकत्र आली, आणि संख्या आधीच्याच वेगानं घसरत राहिली.

एक गोष्ट मला इथे ठामपणे सांगायची आहे. ४ जुलै १९६३ रोजी प्रेस्बिटेरियनांचे नेते यूजीन कार्सन ब्लेक यांना बाल्टिमोरजवळ अटक झाली. गुन्हा हा, की काळ्या माणसांना मज्जाव असलेल्या मनोरंजन उद्यानात ते त्यांच्या सोबतीनं शिरले. अशा कामामुळे मेनलाइनच्या पाळकांचं आणि बाकांवरच्या अनेक गोऱ्या सभासदांचं बिनसलं, हे खरं आहे. ही त्यांची चूक होती असं जे म्हणतात, त्यांना संख्या फार मोठी वाटते आणि शुभवर्तमान फार लहान. सदर्न बॅप्टिस्टांचा संघ १८४५ मध्ये स्थापन झाला तोच गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेऊन, आणि त्याबद्दल जाहीर माफी मागायला त्यांना १९९५ उजाडलं. मधल्या काळात ते वाढत होते. वाढ आणि योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घटीचंही तसंच आहे.

समाजशास्त्रज्ञ एन. जे. डेमेराथ यांनी मात्र यातला एक पेच नेमका पकडला आहे. मेनलाइनला जे हवं होतं, म्हणजे सहिष्णुता, व्यक्तीचं स्वातंत्र्य, मोकळा विचार, ते अमेरिकन समाजानं बऱ्याच अंशी स्वीकारलं. विचार जिंकला आणि संस्था हरली. जे मूल्य शाळेत, टीव्हीवर, कचेरीत मिळतं त्यासाठी चर्चला कोण येणार? म्हणून सामाजिक काम करणाऱ्या मंडळीनं ते आपण *कशाच्या बळावर* करतो हे मुलांना सांगत राहणं अत्यावश्यक आहे. ब्लेक यांच्या पिढीला ते ठाऊक होतं, ती माणसं प्रार्थनेत वाढली होती. त्यांच्या नातवंडांना न्यायाची चाड मिळाली, प्रार्थना मिळाली नाही.

हे बाकीच्यांना कुठे लागू पडतं

अमेरिकेतले कॅथलिक काही काळ निश्चिंत होते. पण प्यूच्या ताज्या पाहणीत एक माणूस कॅथलिक होतो तेव्हा आठांहून जास्त कॅथलिक म्हणून वाढलेली माणसं बाहेर गेलेली दिसतात. लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या कुटुंबांमुळे एकूण आकडा सावरलेला दिसतो, एवढंच. भारतात केरळच्या पाला धर्मप्रांतानं २०२१ मध्ये पाच किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबांना मासिक मदत जाहीर केली, ती याच काळजीपोटी. मला हा उपाय अपुरा वाटतो. जन्माला आलेली मुलं आपोआप विश्वासात वाढत नाहीत, हेच तर वर पाहिलं.

महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड पुढे आजच्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये सामावलं, जी २० लाखांवरून ७ लाखांवर आली तीच. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला काम सुरू केलं आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक चालवलं. महात्मा फुले पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि मुंबईचं विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा यातल्या अनेक धारा तिच्यात मिळाल्या. ज्यांनी आपल्याकडे सुवार्ता आणि शाळा आणल्या त्यांच्या देशांतली चर्च आज विकली जातायत, हे मराठी ख्रिस्ती माणसाला दुःख देणारं आहे.

आपल्याकडचे आकडे मात्र सरळ वाचता येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १ टक्क्याच्या जरा खाली, सुमारे १० लाख ८० हजार. १९५० च्या आदेशानुसार दलितानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात, म्हणून श्रद्धा एक आणि कागद दुसरा अशी घरं आहेत. तेव्हा नोंदीवरच्या संख्येपेक्षा मुलांकडे पाहणं इथे जास्त उपयोगाचं. आणि मुलांच्या बाबतीत अमेरिकेला नसलेली एक अडचण आपल्याला आहे, ती म्हणजे भाषा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांतून ख्रिस्त मराठी घरात आणला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा करायला घेतला, कारण ख्रिस्ताचं अनुयायित्व परदेशी चौकटीत अडकू नये ही त्यांची तळमळ होती. आज पुण्या-मुंबईतल्या मंडळीतलं मूल इंग्रजी शाळेत जातं. आजीला तोंडपाठ असलेलं भजन त्याला अक्षरं जुळवत वाचावं लागतं. इंग्रजी उपासना सुरू करणं किंवा मराठी नीट शिकवणं, दोन्ही मार्ग चालतील, पण काहीच न करणं चालणार नाही. मिशनच्या जुन्या जमिनींवरून कोर्टात जाणारी शक्ती इकडे वळली तर किती बरं होईल.

उलट उदाहरणही भारतातच आहे. वेल्सचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८४१ मध्ये खासी टेकड्यांत पोचले आणि पुढे त्यांचं काम मिझोरममध्ये गेलं. आज ईशान्येतल्या त्या मंडळीत १० लाखांहून जास्त लोक आहेत आणि वेल्समधली मातृमंडळी काही हजारांवर आलीय. मिझोरममध्ये संडे स्कूल मुलांपुरती नसते, प्रौढही वर्गात बसतात. घराघरात स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढायची रीत शतकाहून जुनी आहे. मूल ते रोज पाहतं. केली यांना जे गांभीर्य म्हणायचं होतं ते बहुधा हेच, आणि त्यासाठी कुणावर कडक निर्बंध लादावे लागले नाहीत.

आपापल्या मंडळीत काय चाललंय हे कळायला मोठ्या पाहणीची गरज नाही. पाळकांच्या कपाटात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. वीस वर्षांपूर्वीची पानं काढून त्या मुलांपैकी कितींचं दृढीकरण झालं, किती जण आज कुठल्याही मंडळीत जातात आणि कितींच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला, हे तीन रकाने भरायचे. जे दुसऱ्या गावी किंवा परदेशी गेले त्यांना फोन करून विचारायचं. मेनलाइन मंडळ्यांकडेही या नोंदी होत्या आणि १९६५ मध्येही त्या वाचता आल्या असत्या.